फुफ्फुसांना विसावा, हृदयावर ओझे

‘एक्मो’ हे नाव मराठी वाचकाला वर्तमानपत्रांतून माहीत झाले. डिसेंबर 2016मध्ये तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांचे हृदय बंद पडल्यावर चेन्नईत त्यांना एक्मोवर ठेवल्याची बातमी आली. 2020मध्ये करोनाने आजारी असलेले गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम कित्येक दिवस या यंत्रावर होते. 2021च्या दुसऱ्या लाटेत तर आधी व्हेंटिलेटरसाठी धावणारे नातेवाईक पुढे एक्मोसाठी शहरामागून शहरात फोन करत होते. या साऱ्यातून एक समजूत रुजली: एक्मो म्हणजे व्हेंटिलेटरच्या पुढची, शेवटची पायरी.

त्या समजुतीत थोडे तथ्य आहे, पण मुख्य प्रश्न तिच्यात कुठेच येत नाही. शरीराबाहेरचे यंत्र हृदयाचे आणि फुफ्फुसांचे काम करू लागले, की खुद्द त्या अवयवांचे काय होते? ते बरे होतात, नुसते टिकून राहतात, की त्यांना नवा त्रास सुरू होतो? गेल्या पन्नास वर्षांचे प्रयोग आणि चाचण्या एकत्र मांडल्या, तर दोन अवयवांसाठी दोन वेगळी उत्तरे मिळतात. फुफ्फुसांवरचे ओझे हे यंत्र खरोखर उतरवते. हृदयाच्या बाबतीत मात्र ते शरीराचा रक्तपुरवठा सांभाळताना आजारी हृदयावरच नवा भार टाकते.

यंत्र काय करते

मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेत बोटाएवढी जाड नळी सरकवून अशुद्ध रक्त बाहेर घेतले जाते. चक्राकार फिरणारा पंप ते ऑक्सिजनेटरमध्ये, म्हणजे कृत्रिम फुफ्फुसात ढकलतो. तिथे हजारो पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. तंतूंच्या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात येतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. खाटेजवळ उभे राहिले तर हे डोळ्यांना दिसते: शरीरातून येणारी नळी काळपट, परत जाणारी लालभडक. दोन्ही नळ्यांचा रंग सारखा दिसू लागला, की परिचारिका आणि यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट दोघेही सावध होतात.

मोठ्या माणसात मिनिटाला चार-पाच लिटर रक्त असे फिरवता येते, म्हणजे निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी जेवढे फेकते जवळजवळ तेवढे. ऑक्सिजन किती मिळणार हे मुख्यतः रक्ताच्या प्रवाहावर ठरते. कार्बन डायऑक्साइड किती निघणार हे तंतूंतून सोडलेल्या वायूच्या वेगावर ठरते.

खरा फरक पडतो तो रक्त कुठे परत सोडले यावर. शिरेतून घेऊन शिरेतच सोडले, तर त्याला व्ही-व्ही पद्धत म्हणतात. रक्त ऑक्सिजन घेऊन हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचते आणि पुढचा सगळा प्रवास हृदयालाच घडवावा लागतो. ही पद्धत फुफ्फुसांसाठी. शिरेतून घेऊन धमनीत सोडले, तर ती व्ही-ए पद्धत. ती हृदय आणि फुफ्फुसे दोघांनाही वळसा घालते. यंत्र तेच असते, पण नळीचे एक टोक शिरेऐवजी धमनीत गेले की शरीरात घडणाऱ्या गोष्टी पार बदलतात.

आधी शस्त्रक्रियागृहात, मग अतिदक्षता विभागात

6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी खुली हृदयशस्त्रक्रिया केली. अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातल्या पडद्याचे छिद्र बुजवताना सुमारे 26 मिनिटे तिचे अभिसरण पूर्णपणे यंत्रावर होते. त्या काळच्या यंत्रांत रक्त आणि ऑक्सिजन यांचा थेट संपर्क येई, त्यामुळे काही तासांत रक्तपेशी आणि प्रथिने खराब होऊ लागत. दोघांच्या मध्ये पातळ पडदा आला, तेव्हा कुठे तासांचे दिवस करता आले. 1971मध्ये कॅलिफोर्नियात डोनाल्ड हिल यांच्या पथकाने अपघातात जबर जखमी झालेल्या 24 वर्षांच्या तरुणाला 75 तास असा आधार देऊन वाचवले. 1975मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बाळाला वाचवले आणि पुढची बरीच वर्षे हे तंत्र मुख्यतः बाळांचेच राहिले.

नवजात बाळांबाबत आता फारसा वाद उरलेला नाही. 1996मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत श्वसन निकामी झालेल्या 185 बाळांपैकी एक्मोच्या गटात 32 टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात 59 टक्के बाळे दगावली. या बाळांच्या बऱ्याच आजारांत फुफ्फुसे मुळात धडधाकट असतात. जन्माच्या वेळी आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला काही दिवस हवे असतात, आणि यंत्र नेमके तेवढे दिवस मिळवून देते.

फुफ्फुसे: श्वास देताना होणारी इजा

मोठ्यांची कथा वेगळी झाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात 90 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1979मध्ये आला: दोन्ही गटांत वाचलेले रुग्ण दहा टक्क्यांहूनही कमी. मोठ्यांसाठीचे एक्मो त्यानंतर जवळजवळ मोडीत निघाले. आज मागे पाहिले तर त्या अपयशाची कारणे स्पष्ट दिसतात. रुग्णांना व्ही-ए पद्धतीने जोडले होते, म्हणजे आजारी फुफ्फुसांना मिळणारे रक्तच कमी केले होते. दुसरे, यंत्र चालू असतानाही व्हेंटिलेटर पूर्वीच्याच जोराने हवा भरत राहिला. फुफ्फुसांचे काम दुसऱ्याने उचलले होते, पण फुफ्फुसांना सुट्टी कुणी दिलीच नाही.

व्हेंटिलेटर स्वतः फुफ्फुसांना इजा करतो ही जाणीव तेव्हा नुकती कुठे होत होती. तीव्र श्वसनविकारात, ज्याला डॉक्टर एआरडीएस म्हणतात, फुफ्फुसांचा बराच भाग पाण्याने भरून मिटलेला असतो. हवा घेऊ शकणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढा उरतो. मोठ्या माणसाच्या मापाने हवा भरली, की ती सगळी या उरलेल्या भागात शिरते. वायुकोश ताणले जातात, फाटतात, सूज वाढते. इटलीचे लुचानो गट्टिनोनी यांनी ही ‘बाळफुफ्फुसा’ची कल्पना मांडली. 1986मध्ये त्यांनी 43 रुग्णांत यंत्राने कार्बन डायऑक्साइड काढून टाकत व्हेंटिलेटर अगदी संथ ठेवला आणि जवळजवळ निम्मे रुग्ण वाचले. मात्र 1994मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतील 40 रुग्णांच्या छोट्या चाचणीत अशाच पद्धतीचा फायदा दिसला नाही. 2000मध्ये अमेरिकेतल्या 861 रुग्णांच्या चाचणीने मात्र मूळ कल्पनेवर शिक्कामोर्तब केले. वजनाच्या दर किलोमागे 12 मिलिलिटरऐवजी 6 मिलिलिटर हवा दिली, एवढ्यानेच मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. त्यात एक्मो कुठेच नव्हते.

फुफ्फुसांसाठी एक्मोचा खरा उपयोग इथे आहे. ते फुफ्फुसांना औषध देत नाही, जंतू मारत नाही, सूज उतरवत नाही. ते डॉक्टरला व्हेंटिलेटर हलका करण्याची मोकळीक देते. यंत्र सुरू झाले की श्वासाचा वेग मिनिटाला दहाच्या आसपास आणला जातो, दाब उतरवला जातो, ऑक्सिजनचे प्रमाण खाली येते. एरवी चार-पाचशे मिलिलिटरचा श्वास घेणारा माणूस कधी शंभर-दीडशेवर येतो. त्या दिवसांत छातीचा एक्स-रे पाहणारा नवखा डॉक्टर घाबरतो, कारण बऱ्याचदा दोन्ही फुफ्फुसे पूर्ण पांढरी दिसतात. दाब कमी केल्यामुळे वायुकोश मिटलेले असतात, शिवाय परक्या नळ्यांना रक्ताचा स्पर्श झाल्याने शरीरभर दाहाची लाटही उठलेली असते. एक्स-रे बिघडलेला आणि रुग्ण मात्र स्थिर, हे चित्र पहिल्या काही दिवसांत नेहमीचेच असते.

या पद्धतीचा फायदा हृदयालाही होतो. एआरडीएसमध्ये ऑक्सिजनअभावी फुफ्फुसांतल्या वाहिन्या आकसतात, वरून व्हेंटिलेटरचा दाब. या दोहोंशी झुंजून हृदयाची उजवी बाजू थकते. सुमारे पाचांतल्या एका रुग्णात ती ठळकपणे फुगलेली दिसते. व्ही-व्ही एक्मोने ऑक्सिजनयुक्त रक्त फुफ्फुस धमनीत पोहोचले आणि व्हेंटिलेटरचा दाब उतरला, की वाहिन्या सैलावतात आणि उजव्या बाजूचे कष्ट कमी होतात. रक्तदाब टिकवणारी औषधे त्यानंतर काही तासांत उतरवता येतात. पंपाने हृदयाला थेट काहीच मदत केलेली नसते, तरी ते सावरते.

हृदय: मदतीचा उलटा दाब

व्ही-ए पद्धतीत यंत्र रक्त बहुधा मांडीच्या धमनीत सोडते. तिथून ते महाधमनीत उलट्या दिशेने, खालून वर हृदयाकडे चढते. मेंदू, मूत्रपिंडे, यकृत यांना रक्त मिळते, रक्तदाब सुधारतो, नातेवाइकांना मॉनिटरवरचे आकडे बरे दिसतात. पण हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, म्हणजे डाव्या निलयाला, आता याच चढत्या प्रवाहाविरुद्ध रक्त बाहेर फेकायचे असते. बाहेरून कुणी दार दाबून धरावे आणि आत अशक्त माणसाने ते उघडायला जावे, तसे. पंपाचा प्रवाह जितका वाढवावा, तितका हा विरोध वाढतो.

निलय अगदीच दुबळा असेल तर महाधमनीची झडप उघडेनाशी होते. धमनीतल्या दाबाची मॉनिटरवरची लाट सपाट रेषेसारखी होते. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निलयाच्या आत रक्त धुरासारखे घुमताना दिसते, आणि साचलेले रक्त गोठायला वेळ लागत नाही. फुफ्फुसांतून आणि हृदयाच्या स्वतःच्या छोट्या शिरांतून थोडे रक्त डाव्या बाजूला येतच राहते. त्याला बाहेर पडायची वाट नसल्याने निलय ताणला जातो. ताणलेल्या स्नायूला ऑक्सिजन जास्त लागतो आणि मिळतो कमी, कारण आतला दाब वाढला की भिंतीतल्या बारीक वाहिन्या दबतात. सावरण्यासाठी ज्या हृदयाला वेळ मिळवून द्यायचा, त्याच्या सावरण्यातच अशी आडकाठी येते.

दाब मागे सरकत फुफ्फुसांपर्यंत जातो आणि तिथे पाणी भरते. फुफ्फुसांतून जाणारे रक्तही आता कमी असते, कारण यंत्राने ते आधीच काढून घेतलेले असते. फुफ्फुसे बिघडली आणि त्याच सुमारास हृदयाचे ठोके थोडे जोमदार होऊ लागले, तर आणखी एक विचित्र स्थिती येते. हृदय फुफ्फुसांतले अर्धवट ऑक्सिजन घेतलेले रक्त वर फेकते, यंत्र शुद्ध रक्त खालून वर ढकलते, आणि महाधमनीत कुठेतरी दोघांची गाठ पडते. त्या सीमेच्या वरचा भाग, म्हणजे हृदयधमन्या, मेंदू आणि उजवा हात, निकृष्ट रक्तावर राहतो. पाय मात्र गुलाबी असतात. म्हणून तपासणीचे रक्त उजव्या मनगटातून घेण्याचा आणि ऑक्सिमीटर उजव्या हातालाच लावण्याचा दंडक आहे. डाव्या हाताचा किंवा पायाचा आकडा सुरेख असतानाही मेंदू गुदमरत असू शकतो.

यावर उपाय आहेत. पंपाचा प्रवाह गरजेपुरताच ठेवणे, हृदयाचे आकुंचन वाढवणारे औषध थोडे चालू ठेवणे, महाधमनीत फुगा बसवणे, निलयातून रक्त ओढून महाधमनीत टाकणारा छोटा पंप घालणे, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडणे. निरीक्षणांवर आधारित अभ्यासांत निलय असा मोकळा केलेल्या रुग्णांचे निकाल बरे दिसतात. पण कोरियात 116 रुग्णांत सरसकट, लवकर असा उपाय करून पाहिला तेव्हा तीस दिवसांतल्या मृत्यूंत फरक आढळला नाही. निलय कुणाचा, केव्हा आणि कोणत्या मार्गाने मोकळा करायचा, हा या क्षेत्रातला सर्वांत जिवंत वाद आहे.

चाचण्यांचा कौल

शरीरात जे घडते त्याचे प्रतिबिंब चाचण्यांत पडलेले दिसते. 2009च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एक्मोवर ठेवलेल्या 68 रुग्णांपैकी अहवाल लिहीपर्यंत 21 टक्के दगावले होते. इतक्या गंभीर आजारात हा आकडा आशादायक होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘सीझर’ चाचणीत, एक्मो केंद्राकडे पाठवलेल्यांपैकी 63 टक्के रुग्ण सहा महिन्यांनी अपंगत्वाशिवाय जिवंत होते, दुसऱ्या गटात 47 टक्के. मात्र पाठवलेल्या प्रत्येकाला एक्मो लागले नव्हते; सुमारे चौथ्या हिश्शाला ते दिले गेले नाही, आणि त्यांतले बहुतेक चांगल्या केंद्रातल्या काळजीवरच राहिले. 2018च्या ‘एओलिया’ चाचणीत 60 दिवसांतले मृत्यू 35 विरुद्ध 46 टक्के होते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीत हा फरक थोडक्यात हुकला. नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या 28 टक्के रुग्णांना प्रकृती ढासळल्यावर शेवटी एक्मो द्यावेच लागले, हेही त्यामागचे एक कारण. दोन्ही चाचण्यांतले 429 रुग्ण एकत्र पाहिले, तर 90 दिवसांतले मृत्यू 36 विरुद्ध 48 टक्के येतात.

विसाव्यालाही मर्यादा आहे. ब्रिटनच्या ‘रेस्ट’ चाचणीत तुलनेने कमी आजारी 412 रुग्णांमध्ये छोट्या यंत्राने कार्बन डायऑक्साइड काढून व्हेंटिलेटर आणखी हलका केला. मृत्यू कमी झाले नाहीत, आणि यंत्राच्या गटात मेंदूतल्या रक्तस्रावाचे प्रमाण जास्त आढळले. इजा टाळण्यातून मिळणारा लाभ यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा असेल, तिथेच हे गणित जमते.

हृदयाच्या चाचण्यांचा सूर वेगळा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्ताभिसरण कोसळलेल्या 420 रुग्णांवरची ‘ईसीएलएस-शॉक’ चाचणी 2023मध्ये आली. तीस दिवसांतले मृत्यू 47.8 विरुद्ध 49 टक्के, म्हणजे सारखेच. रक्तस्राव मात्र 23.4 विरुद्ध 9.6 टक्के, आणि पायाच्या रक्तवाहिन्यांच्या तक्रारी 11 विरुद्ध 3.8 टक्के. निलय मोकळा करण्याचा उपाय यंत्राच्या गटातल्या सुमारे सहा टक्क्यांतच झाला होता. तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णांचे हृदय आधी एकदा बंद पडून सुरू झालेले होते. अशांत मृत्यूचे कारण बहुधा मेंदूची इजा असते, आणि ती कोणताही पंप भरून काढत नाही. चार चाचण्यांतल्या 567 रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातही सरसकट वापराचा लाभ दिसला नाही.

2024च्या ‘डेंजर’ चाचणीने त्यात एक महत्त्वाची भर घातली. तिच्यात एक्मो नव्हते. निलयातून रक्त ओढून पुढे टाकणारा, म्हणजे हृदयाच्याच दिशेने काम करणारा छोटा पंप होता. निवडक 360 रुग्णांत सहा महिन्यांतले मृत्यू 58.5 टक्क्यांवरून 45.8 टक्क्यांवर आले. रक्तस्राव आणि पायाच्या तक्रारी तिथेही वाढल्या, रुग्णही वेगळे होते, म्हणून सरळ तुलना करता येत नाही. तरीही दिशेचे महत्त्व त्यातून अधोरेखित होते.

हृदय बंद पडलेल्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. मिनियापोलिसच्या छोट्या चाचणीत एक्मोच्या गटातले 14पैकी 6 जण घरी गेले, दुसऱ्या गटात 15पैकी एक. नेदरलँड्समध्ये अनेक रुग्णालयांत तेच करून पाहिले, तेव्हा मेंदू शाबूत राहून जगलेले 20 विरुद्ध 16 टक्के निघाले. हा फरक ग्राह्य धरण्याजोगा नव्हता. एका कसलेल्या पथकाचे यश तंत्राबरोबर आपोआप दुसरीकडे जात नाही.

जिथे हृदय परत येते

म्हणून व्ही-ए एक्मो निकामी ठरते का? तसे नाही. हृदयाची इजा मोठी पण तात्पुरती असेल, तिथे त्याला तोड नाही. विषाणूमुळे हृदयस्नायूला अचानक आलेली सूज हे एक उदाहरण. दुसरे आपल्या देशातले: धान्य साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडची विषबाधा. या विषाला उतारा नाही. ते हृदयपेशींची ऊर्जानिर्मितीच रोखते, आणि काही तासांत रक्तदाब कोसळतो. पण रुग्ण पहिले काही दिवस तगला, तर हृदय पुन्हा पूर्ववत होऊ शकते. लुधियानाच्या डॉक्टरांनी अशा गंभीर रुग्णांना एक्मोचा आधार दिला तेव्हा मृत्यू लक्षणीय कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळणारा हा वापर भारतीय अतिदक्षता विभागांची खास भर आहे.

यंत्र काढायची वेळही दोन अवयवांत वेगवेगळ्या रीतीने जोखली जाते. फुफ्फुसांसाठी तंतूंतला वायू बंद करून पाहतात. रक्त फिरत राहते, पण यंत्र श्वास देत नाही. हृदयासाठी पंपाचा प्रवाह लिटर-दीड लिटरवर आणून इको करतात: आकुंचन वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर आहे का, प्रत्येक ठोक्याला पुरेसे रक्त बाहेर पडते का. फुफ्फुसे कित्येक आठवड्यांनीही सावरू शकतात. हृदय काही दिवसांत हालचाल दाखवू लागले नाही, तर पुढे प्रत्यारोपण, कायमचा कृत्रिम पंप किंवा थांबणे, एवढेच उरते.

निर्णयाचा भाग

एक्मो कुणाला द्यायचे, या शहाणपणाची परीक्षा करोनाने घेतली. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या पहिल्या 1035 रुग्णांत 90 दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्या काळात काही गटांत ते वाढून पन्नास टक्क्यांच्या आसपास गेले. रुग्ण बदलले होते, आजार लांबला होता, आणि नवखी केंद्रे मोठ्या संख्येने पुढे आली होती. भारतात त्या काळात यंत्राइतकाच माणसांचा तुटवडा होता. एका रुग्णामागे चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका, परफ्युजनिस्ट, रक्तपेढी, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस तासातासाला जुळवणारे डॉक्टर लागतात. काही दिवसांत बिल कित्येक लाखांवर जाते, आणि ते बहुतेक घरांना खिशातूनच भरावे लागते.

म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरला ‘एक्मो लावता येईल का’ एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या अवयवासाठी, तो अवयव परत येण्याची शक्यता किती, आणि नाही आला तर पुढची वाट काय, ही तीन उत्तरे यंत्र जोडण्याआधी मिळाली पाहिजेत. फुफ्फुसे सावरण्याजोगी असतील, व्हेंटिलेटरने त्यांची हानी होत असेल आणि केंद्र अनुभवी असेल, तर पुरावा एक्मोच्या बाजूने झुकतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सरसकट ते जोडण्याच्या बाजूने पुरावा नाही; तिथे रुग्ण निवडणारे आणि डाव्या निलयाकडे पहिल्या तासापासून लक्ष ठेवणारे पथक नसेल, तर यंत्राने मिळवलेला वेळ यंत्राच्याच दुष्परिणामांत खर्ची पडतो.